अकरा कुप्यांची झाकणं

१ ऑक्टोबर, शनिवार

नवी झाकणं आली. निळी, आतून रबराची गोल चकती असलेली. जुनी थंडीनं तडकली होती, म्हणून सहा महिने प्रयोगशाळाप्रमुख चक्रपाणी सारांच्या मागे लागलो होतो. आज एक झाकण रिकाम्या कुपीवर फिरवून कानाशी धरलं. शेवटी ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. मी ते पुन्हा पुन्हा करत बसलो तेव्हा यादगिरी म्हणाला, "तात, झाकण आहे ते, पैंजण नाही." आमच्या बोलीत तात म्हणजे आजोबा. हा यादगिरी तपासणीचं यंत्र चालवतो आणि उरलेल्या वेळात माझी थट्टा करतो.

एकतीस वर्षं झाली मला या भांडारात. निवृत्त होऊनही सात झाली. सारांनी ठेवून घेतलं, कारण डीप फ्रीझरची किल्ली दुसऱ्या कुणाच्या कमरेला शोभत नाही असं ते म्हणतात. इथली संशोधक मुलं आठ-आठ महिने राबून औषधी पेप्टाइडची जी भुकटी बनवतात ती माझ्या हवाली करतात. चिमूटभर पांढरी भुकटी, फुंकर मारली तर उडून जाईल. उणे वीस अंशांच्या त्या काळोखात ती वर्षानुवर्षं शहाण्या बाळासारखी निजते. तिचा वैरी एकच, ओल.

आज एक नवी विद्यार्थिनी आली. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षाला असलेली वेन्नेला तिला माझ्यापुढे घेऊन आली आणि म्हणाली, "आधी तातांचा मंत्र ऐक, मग फ्रीझरला हात लाव."

मी म्हणून दाखवला. माझीच रचना, फ्रीझरच्या दारावर माझ्याच अक्षरात लावलेली:

काढ बाहेर, पण झाकण उघडू नको;
थंडीतून आलाय पाहुणा, त्याचा घाम वाळू दे.

तिला कळलं नाही, म्हणून साध्या भाषेत सांगितलं. थंड पाण्याच्या पितळी लोट्याला बाहेरून घाम फुटतो की नाही? थंड कुपी उघडली तर तोच घाम आत भुकटीवर फुटतो. म्हणून कुपी बाहेर काढून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या बंद हंडीत तासभर ठेवायची. मगच झाकण. "या नियमाला सुट्टी नाही," मी म्हटलं.

"सारांनाही नाही," वेन्नेला म्हणाली. "एकदा तातांनी सारांच्या हातून कुपी काढून घेतली होती."

खरंच घेतली होती. सिरसिल्ल्याच्या शाळेत आमचे पंतुलू पद्य चुकलं की पाटी काढून घ्यायचे, तशी.

४ ऑक्टोबर, मंगळवार

आयुधपूजा. आज यंत्रांना विश्रांती आणि नोंदवहीलाही.

पहाटेच आलो. फ्रीझरच्या भिंतींवर बर्फाची साय चढून दार नीट लागत नव्हतं. यंदा आतून खरवडून, पुसून, मगच हळद-कुंकू लावायचं असं ठरवलं होतं. सगळ्या कुप्या बर्फाच्या पेटीत काढल्या. खरवडण्यात वेळ किती गेला कळलंच नाही, माझ्या मनात पद्य जुळत होतं. घड्याळ पाहिलं तर अकरा वाजलेले. पावणेबाराला वर्ज्यम, म्हणजे अशुभ घटका, लागणार, त्याआधी आरती व्हायलाच हवी. आणि ज्यांची झाकणं तडकली होती त्या अकरा कुप्या तशाच. देवीपुढे तडकी झाकणं कशी ठेवायची?

तासभर थांबलो असतो तर मुहूर्त गेला असता. भराभर बदलली. एकेक कुपी उघडी राहिली ती फार तर दोन श्वास.

मग सगळे आले. सारांनी आरती केली. निळ्या टोप्या घालून कुप्या ओळीनं उभ्या होत्या, आमच्या शाळेच्या प्रार्थनेसारख्या. मी पद्य म्हटलं. ‘हे हिमगर्भे, तुझ्या कुशीत निजलेल्या कणांत उद्याच्या माणसांचे प्राण आहेत’ इथे आलो तेव्हा वेन्नेलाचे डोळे भरले. टाळ्या झाल्या. प्रसादाचा चिंचभात, पुलिहोरा, छान झाला होता, यादगिरीनं तीनदा घेतला. दोन वाजता कुप्या परत आत ठेवल्या.

निघताना वेन्नेलानं विचारलं, "तात, झाकणं बदलली वाटतं? हंडीत बसवल्या होत्या ना कुप्या?"

"बिड्डा, अगं पोरी, मी नियम मोडेन?"

ती हसली. "नाही हो, सहज विचारलं."

७ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्यानंतर आज उघडलं. सकाळी वेन्नेला आली, जम्मीची, म्हणजे शमीची, पानं माझ्या हातावर ठेवून पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. आधी हे लिहितो, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

फ्रीझर पुसायला म्हणून गेलो. प्रत्येक कुपी एका छोट्या डब्यात असते आणि तळाशी सिलिकाचे दाणे. कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. त्या अकरा डब्यांतले दाणे गुलाबी झाले होते. एक नाही, दोन नाही, अकराच्या अकरा. बाकीचे सगळे निळे.

किती वेळ दार उघडं धरून उभा होतो देव जाणे. फ्रीझर ओरडायला लागला तेव्हा भानावर आलो.

सारांची खोली वीस पावलांवर. मी निघालोही होतो. वाटेत यादगिरी भेटला, "तात, तुमच्या त्या पद्याची प्रत द्या, माझ्या सासऱ्यांना ऐकवायचीय." मी खिशातून काढून दिली. मग पुढे गेलो नाही.

परत येऊन अकरा डब्यांतले दाणे एका ताटलीत ओतले आणि भट्टीत ठेवले. दीड तासात पुन्हा निळेशार. दाण्यांचं बरं आहे, त्यांची लाली तापवली की जाते. ते डब्यांत भरले, डबे जागेवर ठेवले, दार लावलं.

कदाचित भुकटीला काहीच झालं नसेल. दोन श्वास म्हणजे किती?

१० ऑक्टोबर, सोमवार

वेन्नेलानं आज तिची कुपी काढली. पूर्ण तासभर हंडीपाशी बसून राहिली, घड्याळ लावून. मी समोरच्या कपाटात उगीचच बाटल्या मोजत होतो. झाकण उघडल्यावर तिनं कुपी उजेडाकडे धरली. भुकटी काचेला चिकटली होती, ओल्या मिठासारखी.

"तात, ही अशी का दिसतेय?"

"कशी?"

"चिकटलीय. दाणे तर निळे आहेत."

"निळे आहेत म्हणजे कोरडीच असणार," मी म्हणालो.

पंतुलू म्हणायचे की खोटं बोलणाऱ्याचा आवाज पहिल्यांदा त्याला स्वतःला परका वाटतो. मला नाही वाटला. अगदी माझाच वाटला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

यंत्राच्या कागदावर वेन्नेलाच्या भुकटीचं एकच उंच टोक यायला हवं, देवळाच्या गोपुरासारखं. आज तीन आली. एक बुटकं गोपूर आणि शेजारी दोन झोपड्या. यादगिरीनं तीनदा चालवून पाहिलं. थट्टा केली नाही.

सारांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "थंड असतानाच उघडलीस ना?"

"नाही सार. तासभर ठेवली होती."

"मग भुकटीला ओल काय स्वप्नात लागली? भांडारातली म्हणशील, तर राजलिंगमच्या हातून एकतीस वर्षांत एक कुपी खराब झालेली नाही. बरोबर ना, राजलिंगम?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही, पण ती ‘हो’ अशी धरली गेली.

आठ महिन्यांचं काम होतं ते. मधुमेहाच्या माणसांच्या न भरणाऱ्या जखमांसाठी. डिसेंबरात तिचा प्रबंध द्यायचा आहे.

१५ ऑक्टोबर, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी भांडार बंद करताना पाहिलं, वेन्नेला तराजूपाशी एकटीच बसलेली. समोर रिकाम्या कुप्या, शेजारी साध्या मिठाची बाटली. कुपी काढायची, हंडीत ठेवायची, वाट बघायची, उघडायची, मीठ तोलायचं, लिहायचं. पुन्हा पहिल्यापासून. मी आल्याचं तिला कळलंही नाही. या मुलीला कामाचा किती ध्यास! अपयश आलं तरी साधनेत खंड नाही. आमच्या काळी वर्गात पहिला येणारा रंगनायकुलू असाच, पाठ झालेलं पद्य पुन्हा पाठ करायचा.

तिला कॉफी नेऊन दिली. "तात, माझा हात थरथरतो का हो?" तिनं विचारलं.

"नाही बिड्डा."

"नीट बघून सांगा."

तिनं दोन्ही हात पुढे धरले. मी पाहिले. स्थिर होते. वीणेवर ठेवावेत असे. तसं सांगितलंही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

वेन्नेला अर्धा दिवस रजेवर होती. डोळे तपासून आली. नंबर बदललेला नाही म्हणाली आणि हे सांगताना तिचा चेहरा पडला. नवी चौकट घ्यायची असेल बहुतेक, दिवाळी आलीच. तरुण मुलींना हौस असते.

तिच्या बाकीच्या भुकटीचं काय ते सार सव्वीस तारखेला ठरवणार. तिचं काम वरच्या वर्गातल्या एका मुलाकडे द्यायचं घाटतंय असं यादगिरी म्हणाला. मग मला म्हणाला, "तात, तुम्ही एवढे गप्प का झालात हल्ली? तब्येत ठीक आहे ना?"

"वय झालं," मी म्हणालो.

हे वाक्य फार उपयोगी आहे. त्याच्या आड कुणी बघत नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

दीपावली. वेन्नेला फराळाचा डबा घेऊन घरी आली. दरवर्षी येते. माझ्या बायकोनं, सुगुणानं, तिच्या हातावरची गोरिंटाकूची मेंदी पाहिली आणि म्हणाली, "किती लाल रंगलीय! सासू प्रेमळ मिळणार."

वेन्नेला आपल्या तळव्यांकडे पाहतच राहिली. मेंदी खरंच सुंदर होती.

"अम्मम्मा," ती सुगुणाला म्हणाली, "आपण एखादी गोष्ट केली आणि आपल्यालाच आठवत नाही, असं होतं का हो कधी?"

"रोज होतं," सुगुणा म्हणाली. "गॅस बंद केला की नाही ते बघायला मी बसथांब्यावरून परत येते."

"पण केलाच नाही अशी खात्री असते आणि केलेला असतो?"

"तू काय केलंस बाई?"

वेन्नेला हसली. मी पणतीत तेल घालायला बाहेर गेलो. पणत्या भरलेल्याच होत्या.

२६ ऑक्टोबर, बुधवार

आज सारांनी बोलावलं. टेबलावर कागद होता, वेन्नेलाच्या अक्षरात. मीच तिला सांगून सांगून अक्षर सुधारायला लावलं होतं.

‘कुपी सामान्य तापमानाला येण्याआधी माझ्याकडून उघडली गेली असावी. मला तसं स्पष्ट आठवत नाही, परंतु दुसरं कारण संभवत नाही. निष्काळजीपणाची जबाबदारी माझी.’

वेन्नेला खिडकीपाशी उभी होती. सार म्हणाले, "चूक कबूल केली, झालं. मी काही तिला फाशी देत नाही. काम त्या मुलाकडे जाईल, तिला दुसरं काहीतरी छोटं देऊ. वर्ष वाढेल एक. राजलिंगम, भांडारपाल म्हणून तुमची सही लागेल. कुपी तुमच्याकडे असेपर्यंत नीट होती, एवढंच."

‘आठवत नाही,’ असं लिहिलं होतं तिनं. जे केलंच नाही ते आठवणार कसं?

मिठाच्या बाटलीचा अर्थ तेव्हा कळला. हात पुढे धरण्याचा, डोळे तपासण्याचा, मेंदी लावलेल्या तळव्यांकडे बघण्याचा. सगळे अर्थ एकदम आले. पद्याचा अर्थ पंतुलू उलगडून सांगायचे तेव्हा वर्गात जसे यायचे, तसे.

पेन सारांनीच पुढे केलं.

मी सही केली. वळणदार, पूर्ण नावानिशी. गुंडेटी राजलिंगम. खाली तारीखही घातली.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

सारांच्या आधी येऊन त्यांच्या दारापाशी स्टुलावर बसलो. ते आले तेव्हा उभा राहिलो आणि आत जायच्या आधी तिथेच सगळं सांगितलं. आत गेलो असतो तर बसायला सांगितलं असतं आणि बसलो असतो तर बोललो नसतो.

सारांनी कुलुपात घातलेली किल्ली परत काढली. मग म्हणाले, "आता सांगताय? मी त्या पोरीला सगळ्यांपुढे..." खोलीत जाऊन कालचा कागद फाडला.

थोड्या वेळानं मला बोलावलं. आवाज मऊ केला होता. "हे बघा, लिहून द्यावं लागेल. पण वाईट होऊ देणार नाही मी. वयोमानानं विसर पडला असं लिहा. पूजेची गडबड होती, नियम लक्षात राहिला नाही. सदुसष्टाव्या वर्षी होतं असं. कुणी बोट दाखवणार नाही तुमच्याकडे."

फार सोपं होतं. तेच वाक्य, ज्याच्या आड कुणी बघत नाही.

मी लिहिलं: ‘मला नियम माहीत होता. मुहूर्तासाठी मोडला. सात तारखेला ओल लागल्याचं दिसलं, तेव्हा दाणे भट्टीत तापवून बदलले. कुमारी वेन्नेला हिनं विचारलं असता दोनदा खोटं बोललो. सव्वीस तारखेला तिच्या खोट्या कबुलीवर सही केली. यातलं काहीही विसरलो नव्हतो.’

सारांनी वाचलं. "एवढं लिहायची गरज नव्हती," म्हणाले. मग विचारलं, "कुप्या किती?"

"अकरा."

त्यांनी डोळे मिटले. अकरा कुप्या म्हणजे चार मुलांचं काम. त्यातली एक मागच्या आठवड्यात दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवूनही झाली होती. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वीस दिवस मला फक्त वेन्नेला दिसत होती. खरं लिहायचं तर फक्त मीच दिसत होतो.

सुगुणाला सांगितलेलं नाही.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून कुणी माझ्याशी बोललं नाही. यादगिरीनं पद्याची प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. "सासऱ्यांचं वाचून झालं," एवढंच म्हणाला.

दुपारी वेन्नेला भांडारात आली. मी उठलो. काय काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. ‘बिड्डा’ एवढंच म्हणू शकलो.

"सतरा दिवस," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"सतरा दिवस मी माझ्या हातांवर संशय घेतला, तात. मग डोळ्यांवर. मग डोक्यावर. आईला फोन करून विचारलं, आपल्या घराण्यात कुणाला विसरण्याचा आजार होता का? आई रात्रभर रडली. भुकटीचं मला काही नाही हो. ती मी पुन्हा बनवीन. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ना, ‘घाई झाली पोरी, चुकलो,’ तर मी तुमच्याबरोबर सारांकडे आले असते. तुमच्या बाजूनं भांडले असते."

"मला लाज वाटली," मी म्हणालो.

"माझ्यापुढेही वाटायला हवी होती थोडी."

मी हात जोडले. तिनं ते खाली केले नाहीत. एरवी म्हाताऱ्यानं हात जोडले की आमच्याकडची मुलं घाईनं ते धरतात, पाप लागतं म्हणून. ती पाहत राहिली आणि मग गेली.

१ नोव्हेंबर, मंगळवार

सारांचा हुकूम आला. मला काढलेलं नाही. काचेची भांडी, पुसण्याचे कागद, हातमोजे माझ्याकडे. फ्रीझर वेन्नेलाकडे. तिला भुकटी पुन्हा बनवायला सहा महिने मिळाले आहेत, काम तिचंच राहिलं. सारांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, इंग्रजीतून.

किल्ली कमरेची सोडून तिच्या हातात द्यावी असं मनात होतं. ती म्हणाली, "टेबलावर ठेवा."

४ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरांपैकी इथे उरलेल्या दहा कुप्यांतली भुकटी आज टाकून दिली. नियमाप्रमाणे त्या वेळी भांडारातल्या कुणीतरी हजर राहायचं असतं. मी हजर राहिलो. चौघांच्या कामाला एकूण तीन मिनिटं लागली.

९ नोव्हेंबर, बुधवार

बाहेरून मागवलेली एक भुकटी आज आली. ज्या मुलाची कुपी दुसऱ्या प्रयोगशाळेला गेली होती, त्याच्यासाठी बदली म्हणून. बर्फाच्या पेटीतून कुपी काढून वेन्नेलानं हंडीत ठेवली आणि घड्याळ लावलं. ती नवी विद्यार्थिनी शेजारी होती. मी हातमोज्यांचे खोके फ्रीझरशेजारच्या फळीवर लावत होतो.

"तासभर का थांबायचं?" त्या मुलीनं पुन्हा विचारलं. एकदा सांगून झालं होतं, पण मुलं विसरतात.

मी खोका हातात धरून थांबलो. वाटलं, आता माझं नाव निघणार. निघायलाच हवं. एवढं चांगलं उदाहरण तिला दुसरं कुठलं मिळणार होतं?

वेन्नेलानं तिला नीट समजावलं. थंड काच, दमट हवा, ओल, भुकटी. दोन मिनिटं बोलली. माझं नाव घेतलं नाही. दारावरचा माझा कागदही तिथे नव्हता. त्या जागी छापलेला नवा होता, ओळीनं पाच सूचना, स्वच्छ.

तास झाला. ती कुपी घेऊन वळली आणि मी वाटेत होतो.

"राजलिंगमगारू," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का?"

मी झालो.

एकतीस वर्षांत इथे मला कुणी गारू म्हटलं नव्हतं. सार राजलिंगम म्हणतात, बाकी सगळे तात. आमच्या बोलीत गारू लावला की माणसाचा मान राखला जातो. मुलीनं मान राखला.

रात्री जेवताना सुगुणा विचारत होती, वेन्नेला बऱ्याच दिवसांत का आली नाही? कामात आहे, मी म्हणालो. फ्रीझरही आता तीच बघते. मला राजलिंगमगारू म्हणते.

"बघा!" सुगुणाला इतका आनंद झाला की तिनं माझ्या भातावर आणखी तूप वाढलं. "मी म्हणत नव्हते? उशिरा का होईना, लोकांना तुमची किंमत कळली."

मी हो म्हटलं.